चौकटीचे दिवे आणि जड जिफ

फोटोभोवतीच्या चौकटीतले दिवे फिरताना दिसतात, पण जिफ (हलत्या चित्राची फाइल) फार जड होते, काय करावं, असा एक प्रश्न आलाय. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या प्रत्येक चित्रात, अख्खा फोटो असला की असं होणारच. गिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लेयर (थर) म्हणजे एक फ्रेम. फोटो फक्त सर्वांत खालच्या लेयरवर, चौकटीसकट ठेवा. वरच्या दोन लेयरवर नुसती चौकट, मधला भाग पारदर्शक. दर तिसरा दिवा पिवळा, बाकीचे गडद तपकिरी. पुढच्या लेयरवर पिवळा एक घर पुढे. विझलेले दिवेही रंगवायचे बरं का, नाहीतर आधीचे पेटलेलेच दिसत राहतात! एक्स्पोर्ट करताना अ‍ॅनिमेशन निवडून 'कंबाइन' (नवी फ्रेम आधीच्या फ्रेमवरच चढते) ठेवा, दर फ्रेमची वेळ १५० मिलिसेकंद. दिव्याभोवतीची मऊ झळाळी चौकटीच्या भरीव रंगावरच काढा, कारण जिफमध्ये अर्धपारदर्शकता नसते आणि कडा खरबरीत दिसतात.