कव्हर छापखान्यातच सरकलं असेल तर ग्रेड कापतात का?

नाशिकचा_रद्दीवीर:
मुंबईला फोर्टच्या फुटपाथवर 'व्हँपिरेला' या अमेरिकन भयकथा-कॉमिकचा सत्तरच्या दशकातला एक अंक मिळाला. कव्हर तीनेक मिमी मागे सरकलंय, चित्राची डावी कड कण्यावरून वळून पाठीमागे गेलीय. खालची पिन तिरकी. कण्याच्या खालच्या टोकाला 2 मिमी चिरलंय. सीजीसीकडे, म्हणजे कॉमिकची अवस्था तपासून 10 पैकी ग्रेड देणाऱ्या कंपनीकडे, अमेरिकेला पाठवावा म्हणतोय. दोष सगळे कारखान्यातले, मग ग्रेड का कापावी?

घाटकोपर_कलेक्टर:
नाही कापत रे. चूक कंपनीची. बिनधास्त पाठव.

फर्मावाला:
बिनधास्त नको. मी बावीस वर्षं बाईंडिंगमध्ये काढली, म्हणून सांगतो. ग्रेड देणारा चूक कोणाची ते विचारत नाही, समोरचा अंक कसा आहे ते बघतो. छपाई-बांधणीचे दोष हाताळणीच्या दोषांपेक्षा हलके धरतात, एवढंच. सरकलेलं कव्हर असून 9.8 मिळालेले अंक आहेत. 9.9 ला मात्र नाममात्र खोटच चालते, 10 ला तीही नाही. आणि गिऱ्हाईक? दोन 9.8 शेजारी ठेव, सरळ कव्हरवाला आधी जाईल, तोही जास्त पैशाला.

पण हा दोष बाईंडरचाच कशावरून? बांधणीत आधी पिना, मग कटिंग. कव्हर कितीही वाकडं बसलं तरी पात्याखाली सगळं एकत्र कापलं जातं, कडा एका रेषेत येतात. कव्हर पुढे आखूड आणि मागे लोंबत असेल, तर नंतर कोणीतरी उसवून पुन्हा बसवलंय. पिनेशेजारी जास्तीची भोकं दिसली तरी तोच संशय.

चिरलेल्याचं म्हणशील तर पातं बोथट झालं की कागद कापण्याऐवजी ओढला जातो. दिवाळी अंकांच्या घाईत आमच्याकडे पातं बदलायला सवड कुणाला? "चालवा!" 1960 च्या आसपासच्या मार्व्हल कॉमिक्सच्या कडांचे टवके उडालेले दिसतात ना, ती बोथट पात्यांचीच करणी.

कधी दोष पथ्यावरही पडतो. मशीनने एका अंकाला दोन कव्हरं लावली तर धूळ-ओरखडे वरचं खातं, आणि ग्रेड आतल्या कव्हरची मिळते.

नाशिकचा_रद्दीवीर:
पट्टी लावून बघितलं. तिन्ही कडा एका रेषेत, भोकं दोनच पिनांची. म्हणजे बाईंडरचंच पाप!

फर्मावाला:
मग कव्हर विसर. टॉर्च तिरपा धरून कणा बघ. वॉरेनच्या, म्हणजे 'व्हँपिरेला'च्या प्रकाशकाच्या, अंकांची कव्हरं गडद. कागद जरा मुडपला की शाई तुटून पांढरी रेघ उमटते. किती आहेत?

नाशिकचा_रद्दीवीर:
सात. त्यातल्या दोन पिनेला लागून.

फर्मावाला:
ह्या वाचणाऱ्याच्या. ग्रेड इथे जाणार, तुझ्या तीन मिमीत नाही. सात रेघांवर नऊच्या पुढचं स्वप्न बघू नकोस. जाण्या-येण्याचं कुरियर आणि विमा धरून हिशोब कर, मग ठरव. तोवर मायलारची (पारदर्शक पॉलिस्टरची) पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा.

नाशिकचा_रद्दीवीर:
बरं काका. ती तिरकी पिन तेवढी चिमट्याने सरळ करून घेऊ का?

फर्मावाला:
हात तोडीन.