केवायसी ब्लॉकचेनवर नेली तर झेरॉक्सचा ढीग कमी होईल का?

काउंटरवाली:
सहकारी बँकेत केवायसीचं टेबल माझ्याकडे आहे. तेच आधार, तेच पॅन, झेरॉक्सवर आडवी सही. काका वैतागतात, "अहो मॅडम, मागच्या वर्षीच दिलं होतं ना!" परवा एक सॉफ्टवेअरवाला सांगून गेला, ब्लॉकचेन घ्या, म्हणजे सगळ्या बँकांची एक सामायिक डिजिटल नोंदवही, कटकट मिटेल. खरंच?

जुना ऑडिटर:
ताई, एकदा दिलेली केवायसी सगळीकडे चालावी म्हणून सेरसाई या केंद्रीय नोंदणी संस्थेची सीकेवायसी, म्हणजे केंद्रीय केवायसी नोंद, आहेच की, 14 अंकी नंबरवाली. घोडं अडतं जबाबदारीपाशी. दुसऱ्या बँकेची तपासणी मान्य केली तरी रिझर्व्ह बँक जाब तुम्हालाच विचारणार.

चेनवाला:
नीट केलेल्या रचनेत कागद ब्लॉकचेनच्या साखळीवर ठेवत नाहीत, फक्त त्यांचा हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, फेरफार लगेच कळतो. पण पहिल्याच टेबलावर बनावट पॅन खपलं, तर त्या बनावटीचाच पक्का हॅश होणार! शिवाय 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे. साखळीवर गेलेलं पुसता येत नाही, म्हणून नाव-पत्ता तिथे चुकूनही नको.

काउंटरवाली:
म्हणजे पत्ता बदलला की काका परत माझ्याच टेबलावर. त्या सॉफ्टवेअरवाल्याला म्हणते, आधी सीकेवायसी नीट जोडून दे, मग साखळीचं बघू.