११ मजल्यांची इमारत १४ मजल्यांची झाली. करारातील मोघम संमती आम्हाला बांधील आहे का?

प्रश्न (तिसरा मजला, पुणे)

आम्ही २०१९ मध्ये पुण्याच्या पश्चिम भागात सदनिका घेतली, तेव्हा करारनाम्याला जोडलेल्या मंजूर नकाशात इमारत ११ मजल्यांची होती. टाळेबंदीनंतर काम पुन्हा सुरू झाले, आणि इमारत १४ मजल्यांची झाल्याचे आम्हाला साइटवरील फलक वाचून कळले. गेल्या रविवारी मी टेप घेऊन मोजमाप केले. नकाशात ४ फूट रुंद असलेली ड्राय बाल्कनी २ फूट ९ इंच भरली. तिथे वॉशिंग मशीन ठेवले तर पुढे उभे राहून कपडे काढायला जागा उरत नाही. ओट्याच्या टोकाशी कॉलम ६ इंच आत आल्याने फ्रिजची जागा गेली आहे. मुलांसाठी जमिनीवर दाखवलेली मोकळी जागा आता पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, आहे. विचारणा केल्यावर बिल्डरने ‘आवश्यक ते बदल करण्यास खरेदीदाराची संमती आहे’ हे करारातील वाक्य दाखवले. ताबा दोन महिन्यांवर आला आहे. एवढ्या एका वाक्याने सर्व बदल वैध ठरतात का?

उत्तर १ (वास्तुविशारद)

आधी कारण सांगतो, कारण ते समजल्याशिवाय आपण चुकीच्या ठिकाणी भांडत राहतो. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि अधिमूल्य (जादा शुल्क) भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचे, म्हणजे एफएसआयचे, गणित बदलले. अर्धवट असलेल्या अनेक इमारतींचे नकाशे त्यानंतर सुधारून घेण्यात आले. वर तीन मजले वाढले की त्यांचा भार खालच्या कॉलमवर येतो, म्हणून सर्वांत जाड कॉलम तुमच्यासारख्या खालच्या मजल्यांच्या वाट्याला येतात. सदनिका वाढल्या की पार्किंगही वाढवावे लागते. ते जमिनीवर आले आणि खेळाची जागा पोडियमवर गेली असावी. मंजुरीनंतर तपशीलवार आरसीसी डिझाइन होताना कॉलम थोडाफार सरकणे आमच्या कामात नवीन नाही. परंतु खरेदीदाराला ते साइटवर जाऊन टेपने शोधावे लागणे मला मुळीच मान्य नाही. सुधारित नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी तो तुमच्यासमोर ठेवायला हवा होता.

उत्तर २ (गृहनिर्माण प्रकरणांतील वकील)

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याचे, कलम १४ पाहावे. तुमच्या सदनिकेच्या मंजूर नकाशात बदल करायचा तर तुमची संमती लागते; संपूर्ण इमारतीच्या आराखड्यात किंवा सामायिक जागेत बदल करायचा तर प्रवर्तक (बिल्डर) सोडून किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती लागते, आणि एकाने कितीही सदनिका घेतल्या तरी त्याचे मत एकच धरले जाते. वास्तुरचनेच्या किंवा संरचनात्मक कारणास्तव किरकोळ बदलांची मुभा आहे, पण त्यासाठीही अधिकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याची शिफारस आणि तुम्हाला रीतसर सूचना आवश्यक आहे. शिवाय उंची वाढवणे किंवा कॉलम बदलणे ‘किरकोळ’ नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. करारावर सही करताना जो बदल तुमच्यासमोर नव्हताच, त्याला मोघम वाक्याने संमती मिळत नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या मोफा कायद्याखालीही (रेराच्या आधीचा महाराष्ट्राचा सदनिका कायदा) घेतलेली आहे.

एक सापळा मात्र लक्षात ठेवावा. रेराच्या चटईक्षेत्रात (सदनिकेच्या आतील वापरण्याजोगे क्षेत्र, कार्पेट एरिया) बाल्कनी मोजली जात नाही. त्यामुळे बाल्कनी सव्वा फुटाने आक्रसली तरी करारातील चटईक्षेत्राचा आकडा तसाच राहतो आणि ‘क्षेत्रफळ कमी झालेले नाही’ असे उत्तर मिळते. तक्रारीत क्षेत्रफळाऐवजी नकाशावरील मोजमापे लिहावीत. नोएडातील एमराल्ड कोर्ट या गृहसंकुलात बागेच्या जागी दोन मनोरे उभे राहिले, मंजूर मजले टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत वाढवण्यात आले, आणि रहिवाशांच्या लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडण्यात आले. ते प्रकरण तुमच्यापेक्षा कितीतरी गंभीर होते, पण खरेदीदारांच्या संमतीचा मुद्दा त्यातही होता.

उत्तर ३ (एका सोसायटीचे माजी सचिव)

महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरून सुधारित नकाशा उतरवून घ्या. तिथे नसेल तर महापालिकेकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करा. करारातील नकाशा त्याच्याशेजारी ठेवून ताडून पाहा. आणि ताबापावतीवर ‘कोणतीही तक्रार नाही’ असे छापलेले असेल, तर त्याखाली आपला आक्षेप लिहिल्याशिवाय सही करू नका. आम्ही ती चूक केली आणि पुढे प्रत्येक पत्राच्या उत्तरात ती पावतीच आमच्यासमोर ठेवली गेली.

प्रश्नकर्ता

सुधारित नकाशा मिळाला. त्यात १४ मजले आहेत, पोडियमही आहे. पण ड्राय बाल्कनी तिथेही ४ फूटच दाखवलेली आहे.

उत्तर १ (वास्तुविशारद)

म्हणजे साइटवर तिसरेच रेखाचित्र वापरले गेले आहे, आणि तुमचा मुद्दा त्यामुळे अधिक भक्कम झाला. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाशीही बांधकाम जुळत नसेल, तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) दिले जाण्यापूर्वी बांधकाम परवानगी विभागाकडे छायाचित्रे आणि मोजमापांसह लेखी हरकत नोंदवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हे या आठवड्यातच करा.