गावसकर माणूस म्हणून कसा? तुमचे अनुभव लिहा

10,122 कसोटी धावा, 34 शतकं हे तोंडपाठ असणारे पुष्कळ भेटतात. पण माणूस कसा म्हटलं की आमच्या घरातच दोन तट पडतात. मोठे काका म्हणतात, सुनीलने गोऱ्यांपुढे ताठ उभं राहायला शिकवलं. धाकटे म्हणतात, हिशेबी. तुमच्या घरात काय बोललं जायचं? आकडे नकोत, पाहिलेलं-ऐकलेलं सांगा.

गिरगावकर
आमचे वडील कट्टर सनीभक्त. पण 1975 च्या विश्वचषकातल्या लॉर्ड्सच्या एकदिवसीय सामन्याचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जायचे. इंग्लंडच्या 334 धावांसमोर पूर्ण 60 षटकं खेळून नाबाद 36! आजोबांना तर पेपरात छपाईची चूक झाली असंच वाटलं होतं. हट्ट म्हणा, रुसवा म्हणा, मला त्याचं समर्थन आजही जमत नाही.

सदर, नागपूर
मग त्याचा उतारा आमच्याकडे मिळाला बघा! 31 ऑक्टोबर 1987, विश्वचषक, न्यूझीलंड. मामांनी कुठूनतरी तिकिटं आणलेली. ऊन असं की स्टँडच्या पायरीवर टेकवेना, आईने दिलेल्या डब्यातल्या पोळ्या कडक झालेल्या. आधी चेतन शर्माची हॅटट्रिक झाली, तेव्हाच आमचे घसे बसले. उपांत्य सामना मुंबईत खेळायचा तर 222 धावा झपाट्याने करायला हव्या होत्या. सनीला ताप असल्याची कुजबुज होती, त्यामुळे आमची सगळी मदार श्रीकांतवर. आणि सनीनेच चॅटफील्डच्या एका षटकात लागोपाठ दोन षटकार, दोन चौकार हाणले! मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, हा आपलाच का?" 88 चेंडूंत नाबाद 103, एकदिवसीय सामन्यातलं त्याचं एकुलतं एक शतक. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, मनात यावं लागायचं. आता हे कौतुक की तक्रार, तुम्हीच ठरवा.

कोलकात्यातला मराठी
इथे तक्रारच ऐकत मोठा झालो. 1984 च्या ईडन कसोटीत कपिल संघाबाहेर, कर्णधार गावसकर, आणि डाव घोषित करायची घाई नाही. गॅलरी खवळली, फळं फेकली. पुढे 1987 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या ईडन कसोटीला तो आलाच नाही. शाळेत माझं आडनाव ऐकलं की पोरं त्याचा हिशेब माझ्याकडे मागायची! मला वाटतं, प्रेक्षकांनी फळं फेकणं वाईटच, पण देशाच्या संघातला खेळाडू मैदान निवडून खेळू शकत नाही.

जुना वानखेडेकर
कर्नाटकचा फिरकीपटू रघुराम भटचा चेंडू वळायला लागल्यावर रणजी उपांत्य फेरीत त्याच्यापुढे सनी डावखुरा उभा राहिलेला आठवतो? कर्नाटकवाले चिडले, आम्ही टाळ्या वाजवल्या. खडूस मुंबई, दुसरं काय.

वरळी
तुम्ही सगळे मैदानातच अडकलात. 1993 च्या दंगलीत घराजवळ जमावाने एका कुटुंबाला घेरलं, तेव्हा हा माणूस गच्चीवरून खाली धावला आणि मध्ये उभा राहिला. मुलाने, रोहनने, हे जाहीरपणे सांगितलंय. आमच्या गल्लीत त्या दिवसांत काय चाललं होतं ते मी खिडकीच्या फटीतून पाहिलंय. खाली उतरायची कोणाची छाती नव्हती, माझीही नव्हती.

पण म्हणून वांद्र्याच्या भूखंडाबद्दल गप्प बसायचं का? 1988 मध्ये अकादमीसाठी मिळाला, अकादमी झाली नाही, 2022 मध्ये परत केला. इतकी वर्षं ती जागा एखाद्या क्लबच्या पोरांना नेटसाठी मिळाली असती.

गिरगावकर
वरळीकर, मान्य. आणि मेलबर्न 1981? ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, शिवीगाळ झाली, तर जोडीदार चेतन चौहानलाच घेऊन मैदानाबाहेर निघाला. व्यवस्थापक दुर्राणींनी चौहानला सीमारेषेवर रोखलं म्हणून सामना वाचला, आणि तो आपण जिंकलोही. नंतर स्वतः गावसकरांनी त्या वागण्याबद्दल खंत व्यक्त केली. वडिलांना मात्र ती खंत पटली नाही. ते म्हणायचे, माफी लिलीने मागायला हवी होती.