माल्मोचा एम्पोरिया मॉल: ‘निसर्गातून आलेलं डिझाइन’ आराखड्यात दाखवायचं कसं?

शेवटचं_सेमिस्टर: इंटिरियर डिझाइन शिकतेय. प्रकल्पासाठी स्वीडनमधल्या माल्मोचा एम्पोरिया घेतलाय, वास्तुकार गेर्ट विंगोर्ड यांच्या कार्यालयाचं काम, २०१२ मध्ये खुला झालेला. एक दार तृणमण्याच्या (अंबर, झाडाच्या राळेचा मधासारखा पिवळा खडा) रंगाच्या वळणदार काचेचं, दुसरं समुद्राच्या निळ्या रंगाचं. वर्गात सगळ्यांचं म्हणणं एकच: फिकट लाकूड, पांढऱ्या भिंती, चार कुंड्या, झालं स्कँडिनेव्हियन! मला हे अजिबात पटत नाही. पण मग मुद्दा मांडू कशावर?

प्रकाशरेखा: उजेडावर मांडा. मी प्रकाशयोजना करते आणि माझ्या मते तिकडच्या डिझाइनचं मूळ तिथल्या उजेडातच आहे. डिसेंबरच्या शेवटी माल्मोत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो, स्टॉकहोममध्ये तर सातच. त्यात आभाळ बहुतेक भरलेलं. पूर्ण ढगाळ आभाळ डोक्यावर जितकं उजळ असतं, त्याच्या साधारण एक तृतीयांशच क्षितिजापाशी असतं. म्हणून इतक्या खोल इमारतीत छतातून उजेड घेणं फार मोलाचं. तो खाली पोचेपर्यंत वरच्या भिंतींवर दोन-तीनदा आपटतो, त्या गडद असतील तर वाटेतच संपतो. पांढऱ्या भिंतीमागे हे कारण आहे, नुसती हौस नव्हे.

आता ते दार. काच दोन्ही दिशांनी वाकवलेली आहे, त्यामुळे सपाट काचेसारखं एकच सरळ प्रतिबिंब दिसत नाही. चालताना ते ताणतं, आखडतं, निसटतं. आणि तृणमणी तिथलाच: वादळानंतर दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यावर खरोखर सापडतो. आधी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आतून दिसेल तसं चित्र, काढा आणि त्यावर सूर्याच्या ११ अंशांची रेघ मारा. परस्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं चित्र, नंतर.

रंधा_आणि_पटाशी: लाकडाबद्दल थोडं. पाइन उन्हाने पिवळं पडतं. ते फिकट राहावं म्हणून तिकडे आधी लाय म्हणजे क्षाराचं पाणी आणि मग पांढरा साबण लावायची जुनी पद्धत आहे. हाताला लाकूडच लागतं, वार्निश नाही. मात्र साबण अधूनमधून पुन्हा लावावा लागतो, मॉलच्या फरशीला हे झेपणार नाही. बाक, कठडे, जिथे हात टेकतो तिथे खरं लाकूड द्या. लॅमिनेट नकोच! लांब गॅलरीत लाकडाची तीच छापील गाठ पुन्हा पुन्हा दिसते आणि सगळा खेळ उघडा पडतो.

गच्चीवाला: छत विसरू नका. वर लोकांसाठी बाग आहे: सेडम (जाड पानांची बुटकी वनस्पती), गवत, झाडं आणि वारा अडवायला छोटे उंचवटे. सेडम पानांत पाणी साठवतं, त्याला थोडीच माती पुरते. झाडांना मात्र खोल माती लागते, म्हणजे खालच्या खांबांवर भार. ते सेक्शनमध्ये आलंच पाहिजे.

शेवटचं_सेमिस्टर: सेक्शन आजच घेते. एक शंका: तृणमण्याचा रंग आतल्या दुकानांपर्यंत नेला तर?

प्रकाशरेखा: नको. तशी काच निळा उजेड शोषते, त्यामुळे निळं कापड मळकट, काळपट दिसेल. तो रंग दारापुरताच ठेवा, आत रंगहीन काच घ्या. नेव्ही शर्टाचा तुकडा पिवळ्या जिलेटिन पेपरखाली धरून फोटो काढा आणि शीटवर लावा, परीक्षकांना लगेच कळेल.