आशा फक्त मेल्यानंतरची?
‘ख्रिस्ती आशा मेल्यानंतरच्या स्वर्गापुरती, समाजबदलाशी तिचा काय संबंध,’ असं कुणीतरी लिहिलंय. मग पंडिता रमाबाईंचं काय? बाप्तिस्मा १८८३ चा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या (राजधानी तेव्हा नागपूरच) आणि उपाशी मुली, बालविधवा सोबत घेऊन गेल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. लिहा-वाचायला शिकवलं, हाताला कामही दिलं. त्याआधी इंग्लंडमध्ये चर्चच्या वडीलधाऱ्यांशीही बाई बेधडक भांडल्या होत्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. कारण चर्चलाही जाब विचारावा लागतो; जात आपल्याकडे चर्चच्या बाकांपर्यंत पोचलीच ना! त्यावर नागपुरात कितीदा प्रवचन होतं, तेही बोला राजेहो.