'नोटगेल्ट' म्हणजे नोटा नव्हेत: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पणजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या पितळी डबीत सात जर्मन नाणी सापडली. करडी, हलकी, एक तर अष्टकोनी. घरात सगळे त्यांना 'मार्क' म्हणत आले. एका जाणकारांनी 'हे नोटगेल्ट' असं सांगितलं. धातूच्या नाण्याला 'नोट' कसं? घरासाठी यादी करतोय, त्यात कोणता शब्द लिहू? एकावर 'क्रीग्सगेल्ट १९१७' आहे, दुसऱ्यावर 'क्लाइनगेल्टएर्झात्समार्के'.

उत्तर : हा 'नोट' आपल्या कागदी नोटेचा कुणी लागत नाही. जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे नड, अडचण. जर्मनीत दारांवर 'नोटआउसगांग' लिहिलेलं दिसतं, म्हणजे संकटकाळी बाहेर पडायची वाट. 'गेल्ट' म्हणजे पैसा. म्हणून मी 'नडीचा पैसा' म्हणेन, आणि तुमच्या डबीतल्यांना 'नडीची नाणी'.

पहिल्या महायुद्धात तांबं आणि निकेल लढाईच्या कामी लागलं, चांदीची नाणी लोकांनी घरात दडवली. दुकानात मोड मिळेना. मग नगरपालिका, कारखाने, व्यापारी यांनी आपापली नाणी पाडली, लोखंडाची, जस्ताची, पुढे ॲल्युमिनियमची. १९२१ मध्ये साक्सनीसाठी माइसनच्या कारखान्यात चिनी मातीचीसुद्धा झाली.

आता तुमचे दोन शब्द. 'क्रीग' म्हणजे युद्ध, तेव्हा 'क्रीग्सगेल्ट' म्हणजे युद्धकाळातला पैसा. दुसरा लांबलचक शब्द फोडा: क्लाइनगेल्ट म्हणजे सुट्टे पैसे, एर्झात्स म्हणजे बदली, मार्के म्हणजे बिल्ला. 'सुट्ट्यांच्या बदलीचा बिल्ला'. घरातला गैरसमज इथेच झाला असावा. 'मार्क' हे तेव्हाचं जर्मन चलन, 'मार्के' हा बिल्ला. शेवटच्या एका स्वराने अर्थ बदलतो. अशा बिल्ल्यावरचा १० हा आकडा बहुधा फेनिगचा असतो, आणि १०० फेनिगचा एक मार्क.

दुसरं मत : 'आणीबाणीचं चलन' का नको? वर्तमानपत्रात तेच चालेल.

उत्तर : चालेल, पण मराठी वाचकाला 'आणीबाणी' म्हटलं की १९७५ आठवतं. शिवाय 'नड' शब्दात हवा तो नेमका अर्थ आहे. अडीनडीला उपयोगी पडणं, नड भागवणं. ही नाणी तेवढंच करत होती. सुट्ट्यांची नड भागवत होती. इतका चपखल शब्द घरात असताना तो बाजूला ठेवायला माझं मन घेत नाही.

ओळखताना आधी शब्द वाचा, मग धातू बघा. 'डॉयचेस राइश' लिहिलं असेल तर ते सरकारी नाणं, नडीचं नव्हे. सरकारनेही त्या काळात लोखंडाची ५ आणि १० फेनिगची नाणी पाडली होती. 'श्टाट' असेल तर शहराचं, 'क्राइस' असेल तर जिल्ह्याचं. 'गेफांगेननलागर' दिसलं तर ते युद्धकैद्यांच्या छावणीतलं. लोहचुंबकाला चिकटलं तर लोखंड. जस्त चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमपेक्षा हाताला जड लागतं. घासू मात्र नका, चिंच-मीठ तर मुळीच नको.

आणखी एक सावधगिरी. १९२३ च्या महागाईत वेस्टफालियाच्या नाण्यावर '१ बिलिओन मार्क' छापलं गेलं. ते अब्ज समजू नका. जर्मन बिलिओन म्हणजे लाख कोटी, आपलं जुनं 'महापद्म'. हजारपटीची चूक होईल.

प्रश्नकर्ता : भिंग लावून पाहिलं. दोन नाणी 'डॉयचेस राइश'ची निघाली, ती वेगळी ठेवली. सर्वांत हलक्यावर 'हाम्बुर्ग', '१९२३' आणि '५/१०० फेररेख्नुंग्समार्के' आहे.

उत्तर : 'फेररेख्नुंग' म्हणजे हिशेब चुकता करणं. मोल ढासळत असलेल्या कागदी मार्कावर विसंबायला नको म्हणून हाम्बुर्गच्या बँकेने काढलेला हा बिल्ला. यादीत असं लिहा: 'हिशेबाचा बिल्ला, ५/१००, ॲल्युमिनियम, हाम्बुर्ग, १९२३. नडीचं नाणं.' आणि पणजोबांची बोट हाम्बुर्गला लागल्याचं घरात कुणाला आठवत असेल, तर तेही त्याच ओळीत लिहून ठेवा.